मिनतीचा उजवा हात

माझी धाकटी जाऊ मिनती चालायला लागली की तिचे हात सुजायचे. लग्न होऊन लोहारांच्या घरात आली तेव्हापासूनचं हे. त्यातही गंमत अशी की सालाच्या झाडांच्या पानांचा भारा डोक्यावर घेऊन दोन कोस आली तर हात ठीक असायचे, कारण भारा धरायला ते वर असत. मोकळ्या हातांनी बाजारात गेली की मात्र बोटं फुगून टम्म. मी म्हणायचे, "मिनती, गरिबाला मोकळ्या हातांनी चालणंसुद्धा सोसत नाही बघ." ती हसायची. तिला हसायला फार काही लागत नसे.

तिचा नवरा निताइ, म्हणजे माझा दीर, केरळात इमारतींच्या परांचीवर काम करतो. वर्षातून एकदा, दुर्गापूजेला, पंधरा दिवस घरी येतो. त्यांची धाकटी पोरगी त्याच्या अंगावर जरा रुळते न रुळते तोच तो परत जातो. म्हणून जेव्हा वनरक्षकांची भरती निघाली आणि त्यात बायकांच्याही जागा आहेत असं कळलं, तेव्हा मिनतीने कुणाला न विचारता अर्ज भरून टाकला. तिला नोकरी लागली की निताइने गावी यायचं, एवढं त्या दोघांचं फोनवर ठरलं होतं. वयाची मर्यादा संपायला तिचे तीनच महिने उरले होते. म्हणजे पुन्हा संधी नाही.

लेखी परीक्षा ती पास झाली. आठवीपर्यंत शिकलेल्या मला तर तिचा पेपर वाचतासुद्धा आला नसता. राहिली चालण्याची परीक्षा. चार तासांत सोळा किलोमीटर.

मी विधवा बाई, मला कुठे सण ना समारंभ. मी म्हटलं, तुझी मास्तरीण मी. पहाटे ती कालव्याच्या रस्त्याने चालायची आणि मी गौरच्या, माझ्या नवऱ्याच्या, जुन्या सायकलवरून शेजारून जायचे. दर शंभर पावलांना ओरडायचे, "हात वर!" ती दोन्ही हात डोक्यावर नेऊन मुठी उघडायची, मिटायची. नुसतं पाणी ढोसलं की सूज वाढते हे आमच्या लक्षात आलं होतं, म्हणून पाण्यात चिमूटभर मीठ. घरी आली की ओंजळभर मुडी, म्हणजे चुरमुरे, आणि कच्चा कांदा.

चहावाले हारूकाका रोज खेकसायचे, "काय गं लोहारांच्या सुने, दरोडेखोर मागे लागलेत का? हात वर करून चाललीस!"

"दरोडेखोर बरे काका," मिनती न थांबता म्हणायची, "ते एकदाच लुटतात. तुमचा चहा रोज लुटतो."

चूक झाली ती पौषात, आणि ती माझी.

तिच्या हातातले शांखे, म्हणजे आमच्या सधवांचे शंखाचे चुडे, जुने होऊन तडकायला आले होते. परीक्षेच्या दिवशी चालता चालता हात कुठे आपटला आणि शांखा फुटला तर? नवरा तिकडे परांचीवर लटकलेला. सासूबाईंनी हाय खाल्ली असती. म्हणून आम्ही विष्णुपूरला शांखाऱ्याकडे गेलो. मी दुकानाबाहेर उभी राहिले. नव्या शांख्यांजवळ विधवेने जाऊ नये एवढं मला कळतं. पण तोंड कुठे गप्प बसतंय? बाहेरूनच म्हटलं, "एक माप लहान दे रे. सैल असला की आपटतो. घट्ट बसला की शंभर वर्षं टिकेल."

शांखारी म्हणाला, "मावशी, थंडीतला हात आहे हा. उन्हाळ्यात फुगेल."

"तू विकायचं काम कर," मी म्हटलं. साबण लावून, दात ओठ खात त्याने तो घातला. उजवा तर रक्त निघेल की काय असा.

परीक्षा माघात होती. ती फाल्गुनात गेली आणि फाल्गुनातून चैत्रात. पहाटेच्या गारव्यात आमचा सराव चालूच होता, शांखा जरा रुतायचा, पण चालून जायचं. बदलायचा म्हटलं तर धड असलेला शांखा आपल्या हाताने फोडावा लागला असता. ते नाव घरात कोण काढणार?

परीक्षेचे साहेब आठाऐवजी साडेआठला उगवले. ऊन असं की सालवनातला लाल रस्ता भाजत होता. मी शेवटाला तंबूजवळ उभी. मिनती चौथी आली, तब्बल पंचवीस मिनिटं राखून! मला रडूच कोसळलं. आनंदाने, हे वेगळं सांगायला नको. मनात म्हटलं, निताइ आला घरी.

शेवटच्या टेबलावर अंगठ्याचं यंत्र होतं. अर्ज भरताना उजव्या अंगठ्याचा जो ठसा दिला तोच इथे जुळायला हवा, म्हणजे एकीच्या नावावर दुसरी चालून गेली असं होऊ नये. मिनतीने अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल दिवा. तेव्हा मी तिचा हात नीट पाहिला. अंगठा सुजून गुळगुळीत झाला होता, रेघ म्हणून दिसत नव्हती. शांखा मनगटात रुतून दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं.

टेबलावरचा वनरक्षक माणूस चांगला होता. म्हणाला, "बसा, हात वर धरा. साडेबाराला टेबल बंद होईल. तोवर उतरली सूज तर बघू."

पंचवीस मिनिटं. तिने दोन्ही हात वर धरले. मीही खालून तिची कोपरं धरली. दहा मिनिटांत डावा उतरला. उजवा तसाच, कारण त्या शांख्याने सगळं अडवून धरलं होतं. मी टपरीवरून मोहरीचं तेल आणलं, दोरा गुंडाळला, ओढला. मिनती कळवळली, पण शांखा सुताएवढा हलला नाही.

"फोडून टाका की," वनरक्षक म्हणाला.

"तुम्ही फोडता का?" मी विचारलं.

तो दोन पावलं मागे सरला. "छे छे. माझ्याही घरी बायको आहे."

मिनतीने डाव्या हाताने फोन लावला. निताइने उचलला. मागे ठोकाठोकी चालू होती. तिने भराभरा सांगितलं. तो ओरडला, "अगं मग फोड ना! विचारतेस काय! मी इथे पाचव्या मजल्यावर उभा आहे, एका हातात फोन आहे, लवकर आटप!"

तेवढ्यावर सगळं संपलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तो शब्द त्याने उच्चारायला नको होता. पाचवा मजला.

मिनतीने पायाजवळचा दगड उचलून माझ्या हातात दिला. "दिदी, मला नाही जमणार. तू फोड."

मी! गौर गेला तेव्हा घाटावर माझे शांखे असेच दगडाने फोडले होते. तो आवाज सात वर्षं माझ्या कानात आहे. मी साऱ्या गावाला टाकून बोलणारी बाई. सासूबाईंचे उपासतापास, अंगारे, सगळ्यांची टिंगल करणारी. आणि विधवेने सधवेचा शांखा फोडायचा, तोही तो तिकडे एका हाताने लटकलेला असताना? दगड धरला होता. हात वर गेला नाही. तिला मी दर शंभर पावलांना हात वर करायला लावत होते, आणि माझा एकदा गेला नाही.

"दिदी, पाच मिनिटं राहिली."

"मिनती, मला सांगू नको गं."

साडेबाराला वनरक्षकाने यंत्र पेटीत ठेवलं. आमच्याकडे न बघता ठेवलं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. हात वर, दांडीला धरून. विष्णुपूर येईपर्यंत सूज उतरली. तिने धुळीने भरलेल्या काचेवर उजवा अंगठा टेकवला. एकूण एक रेघ उमटली. ती बराच वेळ तो ठसा बघत राहिली, मग पदराने पुसून टाकला.  

ज्येष्ठ महिन्यात हापशावर पाणी भरताना दांडा निसटून तिच्या मनगटावर बसला आणि उजव्या शांख्याचे दोन तुकडे झाले. माझ्या तोंडून निताइचंच नाव निघालं. सासूबाई आल्या, तुकडे उचलून पदरात बांधले आणि म्हणाल्या, "वाढला म्हणा. घट्टच होता मेला. उद्या नवा घालून ये, जरा सैल घे."

एवढंच.

संध्याकाळी निताइचा फोन आला. भात खाऊन झाला, मासळी होती, तब्येत झकास आहे म्हणाला. त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. तिथेच आहे अजून, आता सातव्या मजल्यावर.