न बांधलेल्या स्टेडियमची सावली

आमच्या बंगळूरच्या घराच्या पश्चिमेला एक बंद पडलेली गिरणी होती. नव्वदच्या दशकात तिथे क्रिकेटचं स्टेडियम बांधायचं घाटू लागलं. जुन्या पेठेतलं गिऱ्हाईक जे. पी. नगरकडच्या नव्या दुकानांत चाललं होतं. प्रकाशझोतातले सामने सुरू झाले की लोक परत येतील, जेवतील, साड्या घेतील आणि पेठ पुन्हा उभी राहील, असं व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं. सामना बघायला आलेला माणूस साडी का घेईल, हे कुणी विचारलं नाही.

वडील या योजनेच्या बाजूचे होते. त्यांची सगळी नोकरी सरकारी कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज तपासण्यात गेली होती, आणि कारखान्याच्या संघात ते यष्टिरक्षक होते. आपल्या बाजूने एखादा इंजिनिअर असावा म्हणून व्यापाऱ्यांनी त्यांना जाहीर सभेत बोलायला सांगितलं.

आईचा एकच प्रश्न होता. "माझ्या गच्चीवरचं ऊन जाणार का?"

होळीनंतर ती गच्चीवर कुरडया घालायची. राजाजीनगरच्या मावशीपर्यंत सगळ्यांकडे आमचे डबे जात. बंगळूरची हवा बाकी वर्षभर छान असते, म्हणजे काही वाळत नाही.

"बघून सांगतो," वडील म्हणाले.

दुसऱ्या कुणी "नाही जाणार" म्हणून विषय संपवला असता. वडिलांनी पेपरात छापलेल्या नकाशावरून स्टँडची उंची काढली, गिरणीच्या भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. मग फाटकाच्या उरलेल्या हिरव्या रंगाने त्यांनी गच्चीवर एक रेघ ओढली.

"चहाच्या वेळी सावली इथपर्यंत येईल."

रेघेच्या पश्चिमेला जवळजवळ सगळी गच्ची होती. पूर्वेला पाण्याची टाकी, आणि एक खाट मावेल एवढी जागा.

"म्हणजे तुमच्या षटकारांच्या सावलीत माझ्या कुरडया वाळायच्या."

"षटकारांची नाही. स्टँडची."

"मग सभेत सांगा तसं."

"मी योजनेच्या बाजूने बोलणार आहे."

"बाजूनेच बोला. पण हे पण बोला."

सभा कल्याण मंडपात झाली. सकाळचं लग्न उरकलं होतं, व्यासपीठावर नवरा-नवरीच्या खुर्च्या तशाच होत्या. एका खुर्चीत अध्यक्ष बसले. दुसरीत कुणी बसायला तयार होईना. वक्ते शहराच्या भवितव्याबद्दल बोलले, मग विरोधातले वक्ते शहराच्या इतिहासाबद्दल बोलले. वडिलांची पाळी आली तेव्हा त्यांनी सावलीचा नकाशा काढलेली ट्रेसिंग पेपरची गुंडाळी उलगडून रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर चिकटवली आणि कन्नडमध्ये सांगितलं, की स्टेडियम झालंच पाहिजे, आणि स्टँड या उंचीचं झालं तर उन्हाळ्यात सावली कुठे कुठे पडेल ते असं.

"सार, पापडांसाठी स्टँड बुटकं करायचं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"पापड नाहीत, कुरडया," वडील म्हणाले.

मंडप हसला. तेवढ्यात आमच्या घरमालकीणबाई उठल्या. त्यांचं घराणं तीन पिढ्या इथलं, मराठीही त्यांची इथलीच. "स्वल्प थांबा अण्णा. तुमचं राहू दे. माझी खालची तुळस कुठल्या बाजूला येते?"

वडिलांनी पेन्सिलीने दाखवलं. तुळस सावलीत होती. मग शेजारच्या गल्लीतल्या बायका पुढे आल्या, त्यांच्यामागून त्यांचे नवरे आले, आणि शेवटी योजनेचा पुरस्कर्ता साड्यांचा व्यापारीही आला. त्यालाही घर होतं. शहराचं भवितव्य बाजूला राहिलं. वडील एकेकाची गच्ची दाखवत राहिले, आणि अध्यक्षांनी मंडप रिकामा करायचा आहे असं सांगून सभा संपवली.

"सार, तुम्ही आमच्या बाजूचे ना?" बाहेर त्या व्यापाऱ्याने विचारलं.

"हो."

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला आणि स्कूटरला किक मारत राहिला.

स्टेडियम झालं नाही. का नाही झालं ते आम्हांला कळलं नाही. कुरडयांमुळे नक्कीच नाही. गिरणीच्या आवारात एरंड माजला. गच्चीवर दिवसभर ऊन असायचं, आणि आई मात्र दर वर्षी टाकीजवळच्या पट्ट्यात, दाटीवाटीने, रेघेच्या पलीकडेच कुरडया घालायची.

"सगळी गच्ची मोकळी आहे की," मी एकदा म्हटलं.

"ह्यांनी मोजून आखलीय," ती म्हणाली. "उद्या बांधलं म्हणजे?"

दशक संपायच्या आत, एका माघात, आई गेली.

त्या वर्षी होळी झाल्यावर वडिलांनी गहू भिजत घातले. चीक घरमालकीणबाईंनी शिजवून दिला, सोऱ्या वडिलांनी फिरवला. कुरडया चांगल्या झाल्या नाहीत. त्यांच्या कडा तुटत होत्या. आम्ही त्या टाकीजवळ जुन्या चादरीवर घातल्या, आणि दुपारी चहा घेऊन वर आलो. ऊन डोळ्यांवर येत होतं. वडील कप हातात धरून गिरणीच्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं तिकडे, बराच वेळ बघत होते.

"आत्ता इथपर्यंत आली असती," ते म्हणाले.

मग कप खाली ठेवून ते उठले. चादरीचं एक टोक रेघ ओलांडून पश्चिमेला आलं होतं. ते त्यांनी टाकीकडे ओढून घेतलं.