फोटोत जुळलेलं हाड

आईच्या पायाबद्दल लिहायचं तर आधी माझ्या तोंडाबद्दल लिहावं लागतं. तेव्हा ते फार चालायचं.

धानाच्या पुंजण्यावरून, म्हणजे रचलेल्या उंच गंजीवरून, पडून तिचं टाचेचं हाड मोडलं होतं. वर्षभर लंगडली. शेवटी डॉक्टरांनी घोट्याखालचा सांधा स्क्रू घालून कायमचा जोडला. हाडं एकमेकांत जुळली की दुखणं संपेल, म्हणाले. तीन महिने प्लास्टर. मग तालुक्याला एक्स-रे काढला. "जुळलेलं दिसतं," तिथले डॉक्टर म्हणाले.

आमच्याकडे एक्स-रे आला की तो अंगणात उन्हाला धरायचा आणि आल्यागेल्यानं पाहायचा, ही रीतच. मी कोहमाऱ्याला ट्रान्सपोर्टात कारकून, बारावी पास, म्हणजे घरातला अर्धा डॉक्टर. पेनानं दाखवत विचारलं, दिसते का कुठं फट? शेजारच्या बायकांनी नाही म्हणून माना हलवल्या.

धानाची रोवणी सुरू झाली होती. आज शेजारणींनी आमच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवायचं, उद्या आम्ही त्यांच्या. आमची बांधी त्यांनी रोवून दिली. आता आईची पाळी, आणि तिला न्यायला त्या दारात आल्या होत्या.

"टाच दुखून राहिली बाबू," ती म्हणाली. "अंदर काहीतरी हालते."

मी भडकलो. "फोटोत जुळलं आहे न! मग काऊन नाटक करून राहिली? बायका काय म्हणतील?"

नाटक. चार बायकांसमोर हाच शब्द वापरला मी. आजही आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

ती गेली. आठ दिवस चिखलात, वाकून, मागं मागं सरकत. घरी येऊन पाय धुताना ओठ चावायची. दिवाळीपर्यंत पाय इतका सुजला की चप्पल शिरेना. तेव्हा कुठं माझी अक्कल ठिकाणावर आली आणि तिला नागपूरला नेलं.

तिथं नवा एक्स-रे काढला. पुन्हा जुळलेलंच! डॉक्टरांनी मात्र टाचेजवळ अंगठा दाबला, आई कळवळली, आणि ते म्हणाले, सीटी स्कॅन करू. मी हुज्जत घातली. दोन-दोन फोटो खोटे कसे असतील?

"एक्स-रे म्हणजे सावली," ते म्हणाले. "एका हाडाची सावली दुसऱ्यावर पडते, त्यावर स्क्रूची. फट झाकली जाते. स्कॅनमध्ये काकडीच्या चकत्या कराव्या तसं आतलं दिसतं."

स्कॅन झाल्यावर त्यांनी पडद्यावर एकेक चकती सरकवली. काठाला जरासं हाड धरलेलं. बाकी मधोमध काळी फट, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"जुळलंच नाही. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल."

लाजेनं आईकडं पाहवेना. आता ही रडणार, नाहीतर मला शिव्या घालणार, असं वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती खुर्चीतून पुढं वाकून त्या काळ्या फटीकडं पाहत होती, आणि तिचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला होता.

"दिसलं न बाबू?" ती म्हणाली. "खरंच दुखून राहिलं होतं मले."