कोणत्या पानावर चूक आहे, सर?

"ए, उभा काय राहिलास? पाणी फिरव."

विभागप्रमुख हे माझ्या वडिलांना म्हणाले. जळगावच्या एका कॉलेजातला सेमिनार हॉल. मी पुढे, माइकजवळ. आबा दारात उभे. आम्ही भिल्ल. आबा शिरपूरजवळच्या एका कापसाच्या जिनिंगवर वॉचमन आहेत. त्यांच्याकडे चांगली अशी एकच पँट, कामावरची खाकी. तीच इस्त्री करून, सुट्टी टाकून ते पोरीचं पीएच.डी.चं शेवटचं सादरीकरण बघायला आले होते.

मी म्हणाले, "सर, ते माझे वडील आहेत."

सर हसले. "असू दे. त्यांना सवय असेल."

आबांनी टेबलावरचा ट्रे उचलला. पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. एकेकापुढे वाकून ग्लास धरला. शेवटचा माझ्यापुढे. मी तो घेतला आणि प्यायले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. प्यायले.

माझा विषय होता अपमान. म्हणजे कागदावर मोठं इंग्रजी नाव होतं, पण आतला विषय तोच. एका बाजूला येशू. तो आमच्या घरात आजोबांपासून आहे. दुसऱ्या बाजूला उत्तरेकडच्या बर्फाळ बेटावरच्या जुन्या कथांतला एक नायक. त्या कथांना सागा म्हणतात. त्यातली माणसं शेतकरीच. मेंढ्या, गवत, बांधावरची भांडणं. पण कुणी अपमान केला की ती विसरत नाहीत. वर्षं जातात, आणि मग एके दिवशी कुऱ्हाड निघते. माझा नायक असाच. एकाने सगळं सोसून माफ केलं आणि मेला. दुसऱ्याने काहीच माफ केलं नाही, तोही मेला, घरादारासकट. या दोघांच्या मधे माणसाने जगावं कसं, एवढंच मला शोधायचं होतं. धुळ्यात तासिका तत्त्वावर शिकवत, खोलीत एकटी राहून, पाच वर्षं मी ते शोधत होते.

त्या नायकाचं नाव घेताना माझी जीभ अडखळली. हॉल हसला. ते नाव मी इथेही लिहीत नाही.

सर म्हणाले, "येशूचं समजू शकतो. तो तुम्हाला मिशनवाल्यांनी फुकट दिला. पण हा दुसरा तुझ्या पाड्यावर कधी आला?"

पुन्हा हशा.

"आणि हे इंग्रजी तुझं आहे? कुणी लिहून दिलं?"

मी माझ्या गाइडकडे बघितलं. पान न् पान त्यांच्या हाताखालून गेलेलं. ते मोबाइल बघत होते.

पडद्यावर तेव्हा माझं चौथं प्रकरण होतं. येशूला पकडून नेलंय, चौकशी चालू आहे, आणि एक शिपाई त्याच्या थोबाडीत मारतो. सगळ्यांना वाटतं, त्याने दुसरा गाल पुढे केला असेल. केला नाही. त्याने विचारलं. मी चुकीचं बोललो असेन तर चूक दाखव, नसेन तर मारलंस कशाला, अशा अर्थाचं. भर चौकशीत, हात बांधलेले असताना.

हे मीच लिहिलं होतं. संदर्भ दिले होते, तळटिपा दिल्या होत्या. ऐकलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

माझ्या तोंडून निघालं, "कोणत्या पानावर चूक आहे, सर?"

"काय?"

"माझी प्रत तुमच्यासमोर आहे. पान सांगा."

प्रत समोरच होती. महिनाभर त्यांच्याकडे होती. तिच्यावरचं दुकानाचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्यांनाही ते दिसलं.

"खाली बस," सर म्हणाले.

"चूक नसेल तर माझ्या वडिलांना पाणी का वाटायला लावलं?"

कुणी हसलं नाही. दारातून आबा हात हलवत होते. मला वाटलं, ते मला बळ देताहेत. नीट बघितलं. ते मला बस म्हणून खुणावत होते.

मी बसले नाही.

परतीच्या एसटीत पारोळं आलं. आबा म्हणाले, "कशाले बोलनी तू? त्या मोठा मानसे शेतस."

मी विचारलं, "मोठी माणसं आहेत म्हणून तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

मला वाटलं होतं, ते प्रभूचं नाव घेतील, क्षमा कर म्हणतील. आबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "वाटनं ना. पन माले वाटनं, मी पानी दिधं तर त्या तुले पास करतीन."

मी पदर तोंडात कोंबला.

आठ दिवसांनी विभागाकडून शेरा आला. विषय बदलावा. गाइडनी फोन केला. "पाड्यावरची गाणी घे ना. लग्नाची, होळीची. तुमच्या घरचाच माल. कुणी अडवणार नाही." पुढच्या महिन्यात धुळ्यातले माझे तास बंद झाले. कारण कुणी सांगितलं नाही. मी खोलीत पडून राहायचे. भाकरी थापायलाही हात उठायचा नाही. एकदा सगळी पानं चुलीत घालावीत असं वाटलं, आणि खोलीत चूल नाही, गॅसही संपलाय, हे आठवून मी हसले. त्या हसण्याची मला भीती वाटली.

शेवटी विषय बदलण्याचा अर्ज लिहिला. तीन ओळी. जळगावला गेले. मेहरूणच्या तलावाकाठी दुपारपर्यंत बसले. कुऱ्हाडीचे विचार आले. खोटं कशाला बोलू? येशूचेही आले. दोघांपैकी कुणी मला उठवलं नाही. मी आपली आपणच उठले, त्या तीन ओळींवर काट मारली आणि मागच्या कोऱ्या बाजूला दुसरा अर्ज लिहिला. माझ्या प्रबंधात कोणत्या पानावर कोणती चूक आहे ते लेखी कळवावे.

आवक-जावकचा क्लार्क म्हणाला, "मॅडम, असं कुणी विचारत नसतं."

"शिक्का मारा."

"उत्तर येणार नाही."

"शिक्का मारा, भाऊ."

त्याने मारला.

उत्तर आलेलं नाही. महिन्याला एक, असे चार अर्ज झाले. आबा आता मला घरी बोलावत नाहीत, आई चोरून फोन करते. डिग्री मिळेल असं मला वाटत नाही.

पण विषय बदलणार नाही. गाणी माझी आहेत, ती मी शिक्षा म्हणून लिहिणार नाही. बर्फातला तो माणूसही माझाच, मी त्याला वाचलंय. येत्या सोमवारी पाचवा अर्ज देणार. आजवर मी सही करताना आडनावाचं फक्त पहिलं अक्षर टाकायचे. आता पूर्ण लिहिते. ज्यांना खुपतं त्यांनी ते दर महिन्याला वाचावं.