देविदासकाकांचा निरोप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. हिवरखेड सोडलं त्या सकाळी एसटी स्टँडवर देविदासकाकांनी माझ्याजवळ बाबांसाठी निरोप दिला होता. तो मी पोचवला नाही.

मी गावातला पहिला वकील. अकोटच्या कोर्टात पहिल्यांदा उभा राहिलो तो आमच्याच धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, दाव्यात. काका बाबांचे चुलतभाऊ, आमचं आणि त्यांचं शेत लागून. मधली पट्टी वखराच्या दोन फेऱ्यांएवढी. बाबांना दाव्याच्या भरीस मीच पाडलं. युक्तिवाद झाला, निकाल यायचा होता, तेवढ्यात माझी न्यायाधीश म्हणून निवड झाली. ट्रंक टपावर चढत होती तेव्हा काका आले.

"जज होऊन राहिला म्हणते. मंग पयले घरचं भांडण तोड. बापाले सांग, देविदास बोलाले तयार हाये."

आमच्याकडे अशा वेळी कोणी स्वतः दारात जात नाही, घरच्या पोराकडून शब्द पाठवतात. उत्तर आलं नाही की नकार समजायचा, पुन्हा विचारायचं नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मला तो निकाल हवा होता.

निकाल आमच्या बाजूने लागला. काकांनी आमच्या गल्लीतून जाणं सोडलं. दिवाळीला गेलो तर जेवताना बाबा म्हणाले, "देविदास एक डाव बोलला असता, तं म्या सोडली असती जागा. काहून नसंन बोलला?"

मी भाकरी मोडत राहिलो.

मग कोकण, मराठवाडा, बदल्याच बदल्या. न्यायाधीशाने फार कुणाकडे जाऊ-येऊ नये, हा दंडक मला सोयीचा पडला. बाबा गेले. काका मयतीला आले, लांब उभे राहिले, तिथूनच परतले.

आता अमरावतीत फ्लॅट आहे. कोर्टात भांडणाऱ्या भावांना मी रोज सांगतो, "आपसात बोला ना," आणि लगेच पुढचं प्रकरण पुकारायला लावतो. रविवारी गावाकडे गाडी काढतो, वाटेत अंजनगावला चहा घेतो, तिथूनच परत फिरतो. गावाकडचे लोक विचारतात, साहेब येत का नाहीत. कामं असतात, म्हणतो. खरं तर गाव म्हणजे मला आता काकांची ओसरी, आणि तिथे चढायची हिंमत होत नाही.

काका अजून आहेत. बाबांनी नकार दिला नव्हता, त्यांना काही कळलंच नव्हतं, हे त्यांच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडे बाकी आहे.