पुढून चांगला होता

बातमी रशीदभाईंनी आणली. बोरी अरबला आमच्या घराला लागून त्यांचं गॅरेज. तिथे ट्रॅक्टरच्या सावलीत आमचा कुत्रा, हवालदार, दुपारी झोपायचा. "काकू, हवालदार उठून नाही राह्यला..." एवढंच बोलले आणि हातातला पाना उगाच पुसत उभे राहिले. दीड महिना झाला त्याला.

चौदा वर्षांपूर्वी माझा मुलगा विलास हे पिल्लू पिशवीत घालून आला, तेव्हा मी दोघांनाही अंगणात बसवलं होतं. मी तेव्हा मुख्याध्यापिका. कडक इस्त्रीची साडी, आणि पदराला कुत्र्याचा एक केस दिसला तर शाळेतल्या पोरांची उगाच उजळणी. केवढी शहाणी बाई होते मी! आज भेटली तर चार गोष्टी सुनावीन.

पुढे हवालदार माझ्याआधी म्हातारा झाला. मागचे पाय लुळे पडत चालले. पुण्याहून विलासचा फोन आला, "आई, तो आपल्या पायानं बाहेर जाईनासा झाला का डॉक्टरले बोलावजो. इंजेक्शन देऊन टाकू. हाल नको करू त्याचे."

"हो," म्हटलं, आणि लबाडी सुरू केली. जुन्या साडीची घडी त्याच्या पोटाखालून घालायची, दोन्ही टोकं वर धरायची. पुढचे पाय त्याचे, मागचे माझे. सुती साडी त्याला काचायची. शेवटी सुनेलाही कधी हात लावू न दिलेला लग्नातला शालू काढला. व्हिडिओ कॉलवर मी फक्त त्याचं तोंड दाखवायची.

"पाय दाखव न त्याचे."

"नेट जाऊन राह्यलं, बाबू."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात. आमचे बैल कधीच विकले, पण तूप होतं. मी ते हवालदाराच्या कमरेला चोळलं आणि रीतीप्रमाणे म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पाहुण्याला दम कुठला! त्यानं कंबर तिथल्या तिथे चाटून लख्ख केली, आणि पोळ्याच्या सकाळी त्याचं पोट असं बिघडलं की मी शालूसकट त्याला घेऊन दाराकडे पळाले. दारात विलास. सणाला न सांगता आलेला.

"फोनमधी तर चांगला उभा दिसे, आई."

"पुढून चांगलाच आहे."

तो शालूकडे बघत राहिला... मी डॉक्टरचं नाव निघायची वाट बघत होते. त्यानं बॅग खाली ठेवली.

"एक टोक मले दे," म्हणाला.

इंजेक्शनचा विषय पुन्हा निघाला नाही. तीन आठवड्यांनी हवालदार झोपेतच गेला.

अजून संध्याकाळी माझे पाय आपसूक रस्त्याला लागतात, आणि प्रत्येक विजेच्या खांबाशी थांबतात. परवा गल्लीतल्या एका सुनेनं विचारलंच, "आजी, इथं काहून उभ्या?"

तोंडून निघून गेलं, "थांब वं, होऊ दे त्याचं."