हाडावरची वस्ती

"मेला म्हंजे संपला न्हाय," असं म्हणत मामा काचेचं कपाट उघडायचे. तळा गावच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते, मूळचे दिघीकडच्या कोळीवाड्यातले. मी शेजारच्या खोलीत वनस्पतिशास्त्र शिकवायचो. सगळे त्यांना मामा म्हणायचे.

कपाटात एक काळपट दगड होता. मूळचं ते देवमाशाचं हाड. एका संशोधक बाईंनी परदेशातून आणून दिलेलं. त्यावर नखाएवढे शिंपले घट्ट चिकटलेले, किड्यांनी पाडलेली भोकं.

मामा मुलांना सांगायचे, "देवमासा मरून खोल तळाला बसला. तिथं उजेड न्हाय, खायला काय न्हाय. मंग ह्या हाडावर पिढ्या जगल्या. वस्तीच व्हती ही. वरून गाळ आला, समद्याचा दगड झाला." कुणी बोट पुढे केलं की म्हणायचे, "आधी हात धुवून ये." दगडाला शिवण्याआधी हात धुवायला लावणारा माणूस तुम्ही पाहिलाय?

एकदा किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला. आम्ही मुलांना घेऊन गेलो. एक गृहस्थ त्याच्या पाठीवर चढून फोटो काढून घेत होते. मामांनी मनगट धरून त्यांना खाली ओढलं. "आज्याच्या मयतावर असा उभा ऱ्हाशील काय?" गर्दी हसली.

मग तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांनी प्रयोगशाळा साफ करून घेतली. मामा दोन दिवस रजेवर होते. परत आले तर कपाट नवं, आत दगड नाही. तो पार्किंगच्या भरावात गेला होता आणि वरून रोलर फिरला होता.

मामा प्राचार्यांच्या केबिनमध्ये आले तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

"साहेब, हाड कुठं टाकलंत?"

"अहो मामा, एका दगडासाठी एवढं काय? प्लास्टिकचं मॉडेल मागवू."

मामांचा आवाज चढला नाही. "लाखो वरसं समुद्रात टिकलं ते. तुमच्यापाशी दोन दिवस न्हाय टिकलं." मग माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही तर हितंच व्हता ना?"

होतो. मजुरांना घमेल्यात दगड टाकताना मी पाहिलं होतं, आणि तासाला उशीर होतोय म्हणून पुढे गेलो होतो. मी समोरची फाइल चाळत राहिलो. प्राचार्यांचा राग मला आजही येतो, पण फाइल चाळणाऱ्या त्या माणसाचा जास्त येतो.

"उद्यापास्नं येत न्हाय," मामा म्हणाले. निवृत्तीला आठ महिने उरले होते. ते खरंच आले नाहीत.

दोन वर्षांनी दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीत ते दिसले. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा पाण्याकडे तोंड केलं.