व्हरांड्यातली साक्ष

"म्हशीचं राहिलं, किसन."

साहेब एवढंच बोलले. डोळे मिटलेलेच होते त्यांचे, प्रार्थनेत असल्यासारखे. माझा बाबा व्हरांड्याच्या मधोमध हात जोडून उभा होता. साक्ष देत होता. त्या रविवारी त्याने साक्ष जरा लवकर आटोपली. प्रभूने मला चिखलातून वर काढलं, असं म्हणून तो खाली बसायला वाकला, तेवढ्यात साहेब बोलले. बाबा अर्धा वाकलेलाच राहिला. मग पुन्हा सरळ झाला.

"होय जी साहेब."

आणि सांगितलं त्याने. मेलेली म्हैस गावाबाहेर ओढून आणायचे ते. गिधाडं हाकलून मांस कापून घ्यायचे ते. कशात घालून घरी न्यायचे तेही. सतरंजीवर बसलेली पंचवीस-तीस माणसं माना डोलवत होती. साहेबांच्या बायकोने नाकाला रुमाल लावला. म्हैस मरून तीस वर्षं झाली होती, तरी लावला.

मी दहा वर्षांची होते. माझ्या शेजारी साहेबांची पुतणी बसली होती. तिने आपला फ्रॉक गोळा करून मांडीखाली घेतला.

आम्ही ख्रिस्ती. आमच्यात साक्ष म्हणजे देवाने आपल्यावर काय दया केली, ते मंडळीपुढे उभं राहून सांगणं. चांगली रीत आहे. कुणी आजारातून उठल्याचं सांगतो, कुणी दारू सुटल्याचं. पण आमच्या मंडळीत कोणी काय सांगायचं ते ठरलेलं होतं. साहेब सांगायचे की त्यांच्या आजोबांनी जानवं काढून प्रभूच्या चरणी ठेवलं. बाबाने सांगायचं की आम्ही मेलेलं खायचो. त्यांच्यावरची दया त्यांनी काय सोडलं त्यावर मोजायची, आमच्यावरची आम्ही काय खाल्लं त्यावर.

साहेब ऑफिसात सुपरिंटेंडेंट, बाबा त्यांच्याच ऑफिसात चपराशी. नागपूरची राजधानी मोडली, तेव्हा फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर आम्हीही भोपाळला आलो. नागपुरात आमचे सगळे भाऊबंद नुकतेच बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन ताठ मानेने घरी परतले होते. काका बाबाला म्हणाला, "तू पन चाल." बाबा म्हणाला, "मी आधीच सुटलो, बापू." सुटला होता! भोपाळला चर्च हिंदी बोलणाऱ्यांचं, म्हणून मराठी मंडळी साहेबांच्या सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात जमायची. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा रेल्वेने यायचे. बाकीचे तीन रविवार साहेबच मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, आणि साहेबच पाळक. सोमवारी ज्यांच्या टेबलावर बाबा पाण्याचा ग्लास ठेवायचा, त्यांच्याच पुढे रविवारी पापं सांगायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ जळून दोन पिढ्या झाल्या होत्या.

मी सतराव्या वर्षी मॅट्रिक झाले. आमच्या घरातली पहिली. मला नर्स व्हायचं होतं. मिशनच्या दवाखान्यात शिकायला घेत होते, पण मंडळीच्या वडिलांचं पत्र लागायचं. बाबा टोपी हातात घेऊन साहेबांकडे गेला. मी फाटकाशी उभी होते.

"पत्र देतो की," साहेब म्हणाले. "पण मुलगी अजून रीतसर मंडळीत कुठे आलीय? ईस्टरच्या उपासनेत साक्ष देऊ दे तिला. तूच शिकव, किसन. नम्रता मुलांना बापाकडूनच मिळते."

बाबा खुशीत घरी आला. खरंच खुशीत. येताना गूळ घेऊन आला.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. बाबा खाटेवर, मी समोर उभी. "आम्ही गावाबाहेर राहायचो," तो म्हणाला. मी म्हणाले, "मी तर नागपुरात जन्मले." तो म्हणाला, "तरी 'आम्ही' म्हनाव." मग म्हैस आली. मी म्हणाले, "मी कुठे खाल्लं ते?" बाबाने हात जोडले. माझ्यापुढे, स्वतःच्या मुलीपुढे हात जोडले. "म्हन ना, बाई. दोन मिनिटं लागतात. मी बारा वर्सं म्हनून राह्यलो, मले काई झालं?"

काय झालं होतं ते मला दिसत होतं. त्याला दिसत नव्हतं.

आई भिंतीशी तांदूळ निवडत बसली होती. ती मंडळीत कधी तोंड उघडायची नाही. तिला कुणी साक्ष विचारलीही नव्हती. बाबा बाहेर गेला तशी ती म्हणाली, "त्या म्हशीचं तुले खरं सांगू?"

मी बसले.

"दुष्काळ होता. गावात दाना नव्हता. तुहा बाप चार वर्साचा, भुकेनं मान टाकली होती त्यानं. पाटलानं देलं नाई, कोनंच देलं नाई. मंग पाटलाची म्हैस मेली. तुह्या आजीनं तिचं मांस शिजवून त्याचं पानी त्याले पाजलं. तवा वाचला तो. आजी मरेपर्यंत म्हनत होती, ते देवानं पाठवलं." तिने एक खडा काढून फेकला. "आता त्याची लाज वाटून घ्या म्हनतात."

मी रडले. लाज नव्हती ती, राग होता. ज्यावर माझा बाप जगला, तेच त्याच्या तोंडून पाप म्हणून वदवून घेत होते. देवाने केलेल्या दयेवर त्याला थुंकायला लावत होते, आणि वर त्या थुंकण्यालाच दया म्हणत होते.

ईस्टरला मी आईचं पांढरं लुगडं नेसले. व्हरांडा भरलेला. पाळक आलेले. साहेबांनी माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले.

मी म्हणाले, "दुष्काळात माझ्या बाबाला देवाने जगवलं. मेलेल्या म्हशीच्या मांसावर जगवलं. तेव्हा आमच्या घरी कुणी ख्रिस्ती नव्हतं, पत्र देणारं कुणी नव्हतं. तरी देव आला. मी त्याचे उपकार मानते. मला लाज वाटत नाही."

कुणी मान डोलावली नाही. पाळक शास्त्राची पानं उलटत राहिले.

साहेबांचा आवाज अजिबात चढला नाही. "हिच्यात नम्रता नाही," ते म्हणाले. "नम्रता नाही तिथे दया उतरत नाही. किसन?"

मला वाटलं, आता बाबा माझा हात धरेल आणि आम्ही दोघं त्या पायऱ्या उतरू. एवढीच आशा केली मी आयुष्यात, मन लावून.

बाबा उठला. माझ्या पुढ्यात येऊन उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. हात जोडले. "पोरगी लहान आहे जी. तिच्या वतीनं मी सांगतो. आम्ही गावाबाहेर राहायचो..." आणि सगळी साक्ष म्हटली. म्हशीसकट. एक शब्द गाळला नाही. मी त्याच्या सदऱ्याच्या पाठीवरचा घाम बघत उभी राहिले.

पत्र मिळालं नाही. बाबाची साक्षही वाया गेली.

रायसेन रोडकडे मोठा कारखाना उभा राहत होता. तिथल्या दवाखान्यात मी आया म्हणून लागले. बेडपॅन धुते, पायऱ्या पुसते. माझ्यापेक्षा कमी शिकलेल्या नर्सा मला "ए बाई" म्हणतात. बाबा माझ्याशी सात वर्षं बोलला नाही. रविवारी व्हरांड्यात जात राहिला, साक्ष देत राहिला. शेवटी खाटेवर पडला तेव्हा मीच त्याला पुसायची, पाणी पाजायची. तो छताकडे बघायचा.

मी देवाला सोडलं नाही. सोडलं असतं तर सोपं गेलं असतं. रोज गुडघे टेकते. दया जाणवते का? खरं सांगते, नाही. आई तांदूळ निवडत बोलली, तेव्हा एकदाच जाणवली होती. त्यानंतर नाही. तरी टेकते, कारण गुडघे माझे आहेत आणि मी आपणहून टेकते. नम्रता असलीच तर ती एवढीच. मान धरून वाकवतात त्याला नम्रता म्हणत नाहीत.

बाबा गेला. कब्रस्तानात त्याची पेटी खड्ड्यात उतरवली. साहेब आले होते, हातात काठी, केस पांढरे. म्हणाले, "किसन आता बोलू शकत नाही. त्याची साक्ष मी देतो." आणि खड्ड्याच्या काठाशी उभं राहून म्हशीची गोष्ट सांगायला लागले. मेलेल्या माणसालाही सुट्टी नाही.

मी पुढे झाले. म्हणाले, "साहेब, पुरे."

ते थांबले नाहीत. मी वाकले, दोन्ही मुठी भरून माती उचलली आणि बाबाच्या पेटीवर टाकली. पुन्हा उचलली, पुन्हा टाकली. आईही टाकायला लागली. मातीच्या आवाजात त्यांचा आवाज बुडेपर्यंत आम्ही दोघी माती टाकत राहिलो.

घरी आल्यावर मी आईला सांगून ठेवलं. मी मेले तर पाळक नको, वडील नको, कुणाची साक्ष नको. मुकाट्याने मातीत ठेवा. माझ्याबद्दल कुणी देवाला काही सांगायचं नाही. काय सांगायचं ते मी स्वतः सांगेन, आणि त्यालाही जाब विचारेन.